दिवस कासराभर वर आल्यावर उठणारी मुलगी

प्रश्न एका मुलीचा आहे. वय 19, गाव परभणी जिल्ह्यात, लातूरला खोली करून राहते, नीटचं हे दुसरं वर्ष. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री अकरानंतर डोकं खरं चालायला लागतं, अकरा ते तीन फिजिक्स सोडवताना वेळेचं भान राहत नाही. क्लास सकाळी सातचा. साडेसहाला कशीबशी उठते, पहिले दोन तास फळ्यावरचं काही डोक्यात शिरत नाही. वडील रोज फोनवर सांगतात, पहाटे चारला ऊठ, पहाटेचंच ध्यानात राहतं. तिनं तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा आठवड्याभरात अंगात कसर भरल्यासारखं झालं आणि सोडून दिलं. मालकीणबाई बारानंतर लाईट दिसली की दार वाजवतात. शेवटी विचारते: "मी आळशी आहे का? सवय मोडू की अशीच राहू?"

बाळा, आळशी माणूस रात्री तीनपर्यंत फिजिक्सची गणितं सोडवत बसत नाही. तो प्रश्न इथंच संपला. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण तुझ्या पत्रात एक वजाबाकी आहे आणि ती तू केलेली नाहीस. तीनला झोपायचं, साडेसहाला उठायचं. साडेतीन तास. तुझ्या तक्रारीतलं बहुतेक सगळं त्या साडेतीन तासांतून आलेलं आहे.

मी सत्तावीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यातली 11 वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा वॉर्डनही होतो. आता लातूरला लहानसा दवाखाना आहे. संध्याकाळी ट्यूशन एरियातली लेकरं येतात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला अ‍ॅसिडिटी, कुणाला चक्कर. नाडी बघता बघता मी विचारतो, "झोपतोस कधी?" लेकरू आधी आईकडे बघतं. तेवढ्यावर माझं निम्मं निदान होतं.

आणि मी स्वतः रात्रीचा. आमचं शेत औसा तालुक्यात. कृषीपंपाची लाईट तेव्हाही पाळीनं यायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पुष्कळ गावांत आजही तेच चाललंय. रात्रपाळी आली की दादा, म्हणजे आमचे वडील, बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे, मोटार चालू करून हरभऱ्याला दारं धरायचे. आम्ही दोघं भाऊ सोबतीला. बारा-एकच्या थंडीत, पायाखाली चिखल, वाफा भरला की दुसरं दार फोडायचं. मला तिथं जेवढं तरतरीत वाटायचं तेवढं शाळेत कधी वाटलं नाही. भाऊ मात्र बांधावर बसल्या बसल्या पेंगायचा, एकदा तर पाटातच आडवा झाला. सकाळी तोच भाऊ कोंबड्याबरोबर उठून बसायचा, आणि माझ्या उशाशी दादांचा आवाज: "दिवस कासराभर वर आला, ऊठ की आता!" एकाच घरातलं, एकाच ताटातलं खाल्लेले दोन भाऊ. यात संस्कारांचा भाग किती आणि रक्ताचा किती, हे मला पुस्तकं वाचायच्या आधीच कळलं होतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा बराच निघतो.

हे घड्याळ कुठं असतं ते तुला परीक्षेसाठीही लागेल. डोळ्यांच्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्ये तांदळाच्या कणीएवढे दोन पुंजके आहेत. ते प्रकाशाची खबर घेतात आणि पिनिअल ग्रंथीला सांगतात की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, सोडायची वेळ झाली किंवा नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पिनिअलवर थोडकं लिहिलंय, तू ते पाठ केलं असशील. ते तुझ्याच बद्दल आहे. 1729 मध्ये फ्रान्समधल्या द मेराँ यांनी लाजाळूचं रोप अंधारात ठेवून बघितलं. ऊन नाही, तरी पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे घड्याळ रोपाच्या आतच. फळमाशीत त्या घड्याळाचे जनुक आणि त्यांची चक्रं उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

माणसाचं हे घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा 10-12 मिनिटांनी लांब असतं. रोज सकाळचा उजेड ते मागं ओढून सूर्याशी जुळवतो. ज्याचं घड्याळ आणखी थोडं लांब, किंवा ज्याला सकाळचा उजेड कमी आणि रात्रीचा जास्त, तो पुढं पुढं सरकतो. शिवाय वय. वयात आल्यावर घड्याळ दरवर्षी थोडं उशिराकडे जातं आणि साधारण विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा असतं; मुलींमध्ये मुलांपेक्षा थोडं आधी. मग हळूहळू उलटं फिरतं. तू नेमकी त्या टेकडीच्या माथ्यावर उभी आहेस. मला आता साठीकडे जाताना सहाला आपोआप जाग येते, आणि खरं सांगू, मला त्याचा थोडा रागच येतो.

आता वडिलांचे चार वाजता. त्यांचं चुकत नाही, त्यांचा हिशोब फक्त अर्धा सांगितला जातो. त्यांच्या लहानपणी गावात दिवेलागण झाली, भाकरी खाल्ली की आठ-साडेआठला घर निजायचं. कंदिलाच्या रॉकेलचे पैसे कोण देणार? नऊला झोपून चारला उठणाऱ्याची सात तास झोप झालेली असते. शिवाय चारला गाव शांत असतं, कुणी हाक मारत नाही. ध्यानात राहतं ते त्या सात तासांमुळे आणि त्या शांततेमुळे. दोनला झोपून नऊला उठणाऱ्याचेही सातच तास होतात आणि मध्यरात्रीची शांतता काही कमी प्रतीची नसते. दोनला झोपून चारला उठणं हा तिसराच प्रकार. तो ना आजोबांनी केला ना ऋषीमुनींनी. लवकर निजे हे लवकर उठेच्या आधी आहे, म्हण म्हणणारे पहिला शब्द गिळतात.

तुझे तीन प्रयत्न का फसले, हे जरा थांबून बघ. त्यात तुझ्या मनाचा कच्चेपणा नाही. शरीराचं तापमान चोवीस तासांत वरखाली होतं आणि नेहमीच्या जागं होण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं. उजेडाचा परिणाम त्या बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे उलटा असतो. बिंदूनंतर मिळालेला उजेड घड्याळ लवकरच्या बाजूला ओढतो, बिंदूच्या आधी मिळालेला उजेड उशिराच्या बाजूला ढकलतो. तुला कुणी उठवलं नाही तर तू दहाला उठत असशील, म्हणजे तुझा तळ सात-साडेसातच्या सुमाराला. तू पहाटे चारला उठून डोक्यावरची पांढरी ट्यूबलाईट लावून बसलीस. तुझ्या शरीराच्या लेखी ती पहाट नव्हतीच, ती रात्र होती, आणि रात्रीच्या उजेडानं घड्याळ आणखी पुढं ढकललं. त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी अंगात कसर आल्यासारखं वाटणं, मळमळणं, रडू येणं हे सगळं बरोबर आहे. मी वॉर्डन असताना हीच चूक सामुदायिक पद्धतीनं केली. एका वर्षी निकाल खाली आला म्हणून पहाटे पाचला घंटा सुरू केली, सगळ्या मजल्यांवर लाईट. पोरं उठली. उठून टेबलावर डोकी ठेवून झोपली. दीड महिन्यानं मीच ती घंटा काढली, आणि सांगायला हरकत नाही, पाचला उठून ती वाजवायचा त्रास मलाच सगळ्यात जास्त होत होता.

बदल करायच्या आधी एक खात्री करून घे. तू खरंच रात्रीची आहेस का, की तुला रात्री फक्त मोकळीक मिळते? दिवसभर क्लास, मेस, खोलीतल्या चौघींचा गलका. अकरानंतर पहिल्यांदा तू एकटी असतेस. पुष्कळांना रात्र आवडते ती त्या एकांतासाठी. काहींच्या बाबतीत तर रात्र म्हणजे मोबाईल. ओळखायचा सोपा मार्ग: दिवाळीत गावी दहा दिवस जा, दहानंतर फोन आईच्या उशाखाली, गजर नाही. पहिले तीन दिवस सोड, त्यात जुनी उधारी फिटते. चौथ्या दिवसापासून झोप लागल्याची आणि जाग आल्याची वेळ वहीत लिही. तरीही दीड ते नऊ येत असेल तर तू माझ्या जातीची. साडेदहा ते साडेसहा आलं तर तुझं पत्र वेगळं लिहावं लागेल.

तिसरी एक शक्यता असते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं उशिरा निजली होती. आमच्या भागात त्यानंतर वर्षानुवर्षं चारच्या आधी जागी होऊन अंगणात बसणारी माणसं मी बघितली. माझी चुलती त्यातली. तिला कुणी रात्रीची म्हणेल का? ती भीतीची जाग. तुझ्यासारख्या पोरींनाही निकालाच्या, घरच्या कर्जाच्या भीतीनं झोप लागत नाही आणि त्या समजतात आपण रात्री अभ्यास करणाऱ्या. फरक साधा आहे: रात्रीच्या माणसाला दोनला पडलं की झोप लागते, आणि जाग येते तेव्हा ताजं वाटतं. पडून छताकडे बघत बसावं लागत असेल, छातीत धडधडत असेल, आठवडे झाले तरी कशात मन लागत नसेल, तर टाइमटेबल बदलून काही होणार नाही. डॉक्टरकडे जा. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. रात्री जागणाऱ्यांत उदासी जास्त दिसते हेही खरं आहे. त्यातला मोठा भाग न जुळणाऱ्या वेळापत्रकाचा असावा असं माझं मत.

आता तुझी बाजू ऐक, ती वाटते तेवढी पडकी नाही. नीटचा पेपर दुपारी 2 ते 5 असतो, दीडला गेट बंद. ज्या परीक्षेसाठी तू चारला उठायला निघालीस ती परीक्षा रात्रीच्या माणसाच्या सोयीची आहे. सकाळच्या माणसाला दुपारी दोनला डुलकी येते. रात्रीच्या माणसाला ती जरा उशिरा येते. बारावीचा पेपर अकराचा, तोही चालतो. सीईटीची सकाळची पाळी नऊची असते, आणि पोलीस भरतीचं मैदान तर तांबडं फुटायच्या आत. तिथं रात्रीच्या पोरांचे खरंच हाल होतात. तुझं गाडं फक्त सातच्या क्लासपाशी अडलंय.

म्हणून पहिलं काम अभ्यासाचं नाही, ऑफिसात जाऊन विचारायचं: दुसरी बॅच आहे का? पुष्कळ ठिकाणी दुपारची असते आणि ती कमी हुशारांची म्हणून पोरं घेत नाहीत. घे. इभ्रतीपेक्षा झोप महाग आहे.

नसेल तर मधला रस्ता. तीनवरून अकरावर उडी मारू नकोस. बारा-सव्वाबारावर ये, उठणं साडेसहालाच, आणि दुपारी जेवणानंतर 20-25 मिनिटं डुलकी. गजर लावून, तीनच्या आत. तासभर झोपलीस तर गाढ झोपेतून उठशील, अर्धा तास तोंडावर झापड राहील आणि रात्रीची झोप पुन्हा पुढं जाईल. झोपायची वेळ दर दोन दिवसांनी 20 मिनिटांनी अलीकडे आण. अडीच-तीन आठवडे लागतील. यात झोप लागायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते, म्हणून खुंटी उठण्याची ठोकायची. रविवारीसुद्धा फार तर साडेसात-पावणेआठ. तू रविवारी अकरापर्यंत झोपत असणार, मला माहीत आहे, मीही झोपायचो. मग रविवारी रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवार वाया जातो. दर आठवड्याला परदेशी जाऊन आल्यासारखं शरीर हेलपाटे खातं.

उठल्यावर पंधरा मिनिटांत उजेडात ये. उजेड लक्समध्ये मोजतात; खोलीतल्या ट्यूबलाईटखाली तो दोनतीनशे लक्स असतो. बाहेर सकाळी सावलीतसुद्धा काही हजार, उन्हात दहा हजारांच्या पुढं. क्लासला चालत जा. तोंडाला स्कार्फ बांधलास तरी चालेल, घड्याळाला उजेड डोळ्यांतून पोचतो. काळा गॉगल मात्र नको. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा क्लासच्या मधल्या सुट्टीत गच्चीवर ये. संध्याकाळी याच्या उलट. दहानंतर डोक्यावरची ट्यूब बंद, टेबलावर पिवळा लहान दिवा. मालकीणबाईंचंही भांडण मिटेल. त्यांची बाजूही बघ: दहा पोरींची जबाबदारी त्या बाईवर आहे, आणि बारानंतर खिडकीत लाईट दिसली की रस्त्यावरच्या टोळक्यांना पत्ता कळतो असं त्यांना वाटतं. जाड पडदा लाव, दिवा दाखव, विजेचे पन्नास रुपये जास्त दे. माझ्या बघण्यात तरी नियमापेक्षा पन्नास रुपयांनी जास्त भांडणं मिटतात.

खोलीतल्या पोरींचं काय, हे तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतं. मदुराईच्या कामराज विद्यापीठात चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात गुहेतल्या वटवाघळांवर काम केलं. गुहेच्या आत, जिथं दिवसरात्र कळत नाही, तिथं एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवलं. आजूबाजूला इतर वटवाघळं असली की त्यांच्या ये-जा करण्यावरून ते आपलं घड्याळ जुळवून घेई. रिकाम्या गुहेत ठेवलं की त्याचं घड्याळ आपल्या चालीनं सरकत जाई. वसतिगृहात मी हेच बघितलं. एका खोलीत तिघं जागे असले की चौथा जागतोच. तेव्हा शक्य असेल तर तुझ्यासारखीच, पण बाराला दिवा मालवणारी जोडीदारीण शोध. पहाटे पाचला उठून मोठ्यानं वाचणारी नको. ती मुलगी चांगली असेल, पण तुझ्या गुहेतली नाही.

अकरा ते तीनमधलं तुझं सोन्यासारखं डोकं वाया जाणार ही भीती समजते. ते जाणार नाही, घड्याळाबरोबर तेही अलीकडे सरकेल. महिन्याभरात साडेआठ ते साडेअकरा हा तुझा वेळ होईल. त्यात फक्त फिजिक्स आणि फिजिकल केमिस्ट्री. सकाळी सात ते नऊ तू मंद असणार, हे मान्य करून टाक. पुढच्या बाकावर बस आणि जे येतंय ते हातानं उतरवत राहा. समजून घ्यायचं काम रात्री. बायोलॉजीचं पाठांतर दुपारी.

शेवटचे दोन तास कापले तर काय बिघडतं, असं तू म्हणशील. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप शेवटच्या भागात. साडेसहाचा गजर तुझी ही दुसरी झोप बरीचशी खातो. दिवसभर वाचलेलं मुरतं झोपेत, आणि दोन्ही प्रकारची झोप त्याला लागते. आपल्या तुळजापूरच्या आईकडे बघ. वर्षातून तीनदा देवी निद्रा घेते. नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. महिषासुराशी लढण्याआधी ती झोपते, लढून झाल्यावरही झोपते. आणि आमची लेकरं टेस्टच्या आदल्या रात्री जागतात.

14 एप्रिलला आपल्याकडे कितीतरी महाविद्यालयांत, ग्रंथालयांत सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना ते अभिवादन आहे. मीही बसलो आहे, त्या दिवशी हॉलमध्ये जी शांतता असते ती विसरता येत नाही. पण ते वर्षातून एकदा करायचं असतं. त्याचं रोजचं टाइमटेबल करणारी पोरं जुलैपर्यंत माझ्या दवाखान्यात येतात.

चहा. बारा वाजताचा चहा तुला परीक्षेपेक्षा प्रिय असेल, तरी शेवटचा कप पाचला. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. बाराच्या कपातलं निम्मं पहाटे पाचला तुझ्या रक्तात फिरत असतं. त्या कपानं झोप येणं थांबतं, झोपेची गरज थांबत नाही, फक्त तिची घंटा ऐकू येत नाही. रात्री भूक लागते ती खरी असते, मेस आठला जेवू घालते आणि बाराला पोट ओरडतं. मॅगी नको. फुटाणे, शेंगदाणे-गूळ, दुपारची अर्धी भाकरी चटणीबरोबर. रात्री उशिरा शरीराला साखर नीट हाताळता येत नाही, म्हणून थोडकंच. आणि जागं राहायची गोळी म्हणून मेडिकलवरून किंवा मैत्रिणीकडून काहीही घ्यायचं नाही. झोपेची गोळीही नाही. मेलाटोनिनसुद्धा डॉक्टरला विचारून, कारण त्यात डोसपेक्षा वेळ महत्त्वाची असते आणि चुकीच्या वेळी घेतलं तर ते घड्याळ उलटं ढकलतं.

एक गोष्ट माझ्या अंगावर आलेली सांगतो. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी करून मी सकाळी अंबाजोगाईहून लातूरला मोटारसायकलवर निघालो. रात्रीचा माणूस, मला काय होतंय, असा ताठा. रेणापूर फाट्याच्या अलीकडे डोळा लागला. किती सेकंद, माहीत नाही. जाग आली तेव्हा पुढं उसाची ट्रॉली, तिच्या मागं ना लाल दिवा ना काही, वाढ्याचे शेंडे माझ्या तोंडापासून हातभर. गाडी रस्त्याखाली घातली, गुडघा फुटला, तेवढ्यावर भागलं. रात्री जागण्याचं कौशल्य दिवसा काही कामाचं नसतं. तुझ्याकडे स्कूटी असेल तर साडेतीन तासांच्या झोपेवर ती चालवायची नाही.

उन्हाळ्याचं वेगळं लिहितो, कारण नीट मे महिन्याच्या सुरुवातीला येते आणि तेव्हा आपल्याकडे सगळेच रात्रीचे होतात. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली, पत्र्याची असेल तर विचारूच नको. दिवसभर बेचाळीस अंशांत तापलेली भिंत रात्री एकपर्यंत ऊब फेकत राहते. झोप लागायची तर शरीराला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते, ती भिंतीपुढं टाकता येत नाही. मार्चमध्ये बाराला झोपायला लागलेली पोरगी एप्रिलमध्ये पुन्हा दोनवर जाते आणि स्वतःला दोष देते. खालच्या मजल्यावरची खोली मिळाली तर मार्च संपायच्या आत बदल, भले लहान असो. झोपायच्या आधी कोमट पाण्यानं अंघोळ, गार नव्हे. कातडीकडे रक्त येतं आणि उष्णता बाहेर पडते. पाण्याचा टँकर दोन दिवसांनी येत असेल तर हातपाय ओले करून पंख्याखाली बस, तेवढंही पुरतं. गच्चीवर झोपलीस तर साडेपाचला उजेड आणि माशा उठवतील, तेव्हा डोळ्यांवर ओढणी. कूलर मिळाला तर खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेव, बंद खोलीत तो फक्त दमट हवा फिरवतो.

शेवटचा महिनाभर दुपारी दोन ते पाच झोपायचं नाही, पेपर सोडवायचा. रोज जमलं नाही तर दिवसाआड. डुलकी हवीच असेल तर सव्वाबाराला. पेपर सोडवायचा तो उन्हातून येऊन, पोटात थोडकं जेवण घेऊन, पंख्याच्या गरम वाऱ्यात. परीक्षेच्या खोलीत असंच असणार. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरू नकोस, एका रात्रीनं वर्ष बुडत नाही. बुडतं ते अशा शंभर रात्रींनी.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घे, खोल्यांवर राहणाऱ्या पोरींत रक्त कमी असणं इतकं सर्रास दिसतं की मी ते झोपेच्या आधी बघतो. आणि हे सगळं वडिलांना समजवायचं असेल तर फोन दिवेलागणीनंतर लगेच कर. नऊनंतर नको. ते झोपलेले असतील.